कॅन्सरचं नाव कसं ठरतं? डॉ. वसंत खानोलकरांची गोष्ट

इथे आपण नेहमी फोन, ॲप, कॅमेरा, प्रोसेसर यांच्याबद्दल बोलतो. आज मी एका अशा माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्याचं आयुष्यभराचं मुख्य यंत्र एकच होतं, मायक्रोस्कोप. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. ते गेले त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. पण आज तुमच्या घरात कुणाची गाठ काढली आणि ती तपासायला पाठवली, तर त्या तपासणीमागे या माणसाने घालून दिलेली शिस्त आहे.

हा लेख लिहायचं कारण माझ्या घरातलं आहे. ते आधी सांगतो.

घरातला रिपोर्टवाला

मी वणीचा. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणी. धूळ आमच्याकडे बारा महिने असते, त्यामुळे खोकल्याकडे कोणी फार लक्ष देत नाही. माझ्या काकूला खोकला सुरू झाला तेव्हा आम्हीही दिलं नाही. मग एके दिवशी थुंकीत रक्त दिसलं.

घरात मोबाईल नीट वापरता येणारा मीच. म्हणून काकूला दवाखान्यात नेणं, फाईल सांभाळणं, रिपोर्टचे फोटो काढणं हे सगळं माझ्याकडे आलं. प्रत्येक घरात असा एक रिपोर्टवाला असतोच, कदाचित तुमच्या घरात तो तुम्हीच असाल. छातीच्या एक्सरेत गोल गोल डाग दिसले. खोकल्यातून रक्त असं टाकून मी सर्च केलं, तर फोनने टीबी सांगितला. डॉक्टरांनाही तीच शंका आली. थुंकीच्या तपासणीत दोनदा टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी एका दवाखान्यात टीबीची औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू सापडत नाहीत असाही टीबी असतो, त्यामुळे तेव्हा आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही.

दोन महिन्यांत काकूचं वजन उतरलं आणि डाग वाढले. पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी खानोलकरांकडे जाऊ, कारण काकूच्या बाबतीत जे राहून गेलं, ते का राहून जाता कामा नये हे मला त्यांच्या आयुष्यावरून कळलं.

गोवा, लंडन आणि परळ

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, एका गोमंतकीय कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडन विद्यापीठात गेले आणि १९२३ मध्ये पॅथॉलॉजी विषयात त्यांनी एम.डी. केलं.

पॅथॉलॉजी म्हणजे काय, तर आजाराने शरीरात नेमका काय बदल केला ते पाहण्याचं शास्त्र. त्या काळी हुशार डॉक्टर सर्जन व्हायचा किंवा मोठी प्रॅक्टिस टाकायचा. पॅथॉलॉजिस्ट मागच्या खोलीत बसतो, पेशंटला त्याचं तोंडही दिसत नाही. आजही तसंच आहे. तुमच्या रिपोर्टवर खाली सही असते, पण ती कोणाची ते तुम्ही कधी वाचलं आहे का?

लंडनहून परत आल्यावर ते मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि मग परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवायला लागले. जी. एस. कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम हॉस्पिटल १९२६ मध्ये सुरू झालं होतं.

त्या काळात एक समज पक्का होता. कॅन्सर हा श्रीमंत, पुढारलेल्या देशांचा आजार आहे, हिंदुस्थानात तो फारसा होत नाही, असं बरेच डॉक्टर मानत. खरं कारण वेगळंच होतं. इथे लोक तरुणपणीच दुसऱ्या आजारांनी मरत होते, आणि जे कॅन्सरने मरत होते त्यांची गाठ कोणी तपासतच नव्हतं. तपासलं नाही तर कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही तो आजार नाहीच असं धरलं जातं. डेटाचा हा घोळ तुम्हाला ओळखीचा वाटेल.

टाटा मेमोरियलची प्रयोगशाळा

१९३१ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं हॉस्पिटल बांधलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांनी घेतली.

म्हणजे केईएमच्या समोरच, रस्ता ओलांडला की. पण काम पूर्ण वेगळं. आता देशभरातून येणाऱ्या गाठींना नाव द्यायचं होतं. नाव चुकलं तर उपचार चुकणार, हे त्यामागचं ओझं.

बायोप्सी म्हणजे नेमकं काय होतं?

इथे थोडं थांबून टेक्नॉलॉजी समजून घेऊ. बायोप्सी केली म्हणजे शरीरातला एक छोटा तुकडा काढला, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पुढचा प्रवास असा असतो.

तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही आणि पेशी जशा आहेत तशा राहतात. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात आणि त्याच्या जागी वितळलेलं मेण भरतात. मेण थंड झालं की एक छोटी वडी तयार होते, तिला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्या ब्लॉकचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. तो काप काचेच्या पट्टीवर ठेवून दोन रंग देतात. पेशींची केंद्रं निळी-जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. ही झाली स्लाईड.

ही पद्धत खानोलकरांच्या काळात होती आणि आजही तीच आहे. बदललं ते पुढचं. आज वेगवेगळ्या प्रथिनांना चिकटणारी रंगीत अँटिबॉडी वापरून पेशी कोणत्या जातीची ते विचारता येतं. खानोलकरांकडे ते नव्हतं. त्यांच्याकडे रंगवलेली स्लाईड, डोळे आणि पेशंटची माहिती, एवढंच होतं. आणि त्यातली तिसरी गोष्ट त्यांनी कधी कमी समजली नाही.

तीन विचित्र कॅन्सर

१९४५ मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध छापला. त्यात भारतातल्या तीन नव्या प्रकारच्या कॅन्सरची माहिती होती. नवे म्हणजे पेशी नव्या नव्हत्या, जागा विचित्र होती.

पहिला, खालच्या ओठाच्या आणि हिरडीच्या मधल्या खाचेत होणारा. दुसरा, तोंडाच्या वरच्या बाजूला, टाळूवर होणारा. तिसरा, कमरेच्या कातडीवर होणारा. मायक्रोस्कोपखाली तिन्ही साधारण ओळखीचेच दिसतात. मग ते नेमके त्याच जागी का होतात?

याचं उत्तर स्लाईडमध्ये नव्हतं, पेशंटच्या रोजच्या जगण्यात होतं. पहिल्या गटातले लोक तंबाखू आणि चुना मळून, म्हणजे खैनी, ओठाखाली धरून ठेवायचे. दुसऱ्या गटातले लोक चुट्टा, म्हणजे गावठी सिगार, जळतं टोक तोंडात ठेवून ओढायचे. आंध्रच्या किनाऱ्याकडे ही सवय बायकांमध्ये जास्त होती. तिसऱ्या गटात धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळली जायची आणि तिथली कातडी घासून खराब व्हायची. पुढे त्याला धोतराचा कॅन्सर असंच नाव पडलं.

आमच्याकडे वणी, चंद्रपूर, नागपूर पट्ट्यात खर्रा चालतो. गालात खर्रा धरून बसलेला मित्र दिसला की मला आता हा १९४५ चा निबंध आठवतो. त्याला मी सांगतोही. तो हसतो आणि पुडी सोडतो.

आपल्या विषयासाठी यातली पद्धत महत्त्वाची आहे. खानोलकर स्लाईडवर थांबले नाहीत. जागा विचित्र दिसली की त्यांनी मागे जाऊन विचारलं, हा माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, कुठून आला.

एकाच शहरात वेगवेगळे कॅन्सर

मुंबई त्यांच्यासाठी तयार प्रयोगशाळाच होती. एकाच शहरात, एकाच हवेत राहणारे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती. तरी कॅन्सर वेगवेगळे. पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसायचा, हिंदू बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा. पुरुषांमध्ये लिंगाचा कॅन्सर मुसलमानांत अगदीच विरळ, कारण तिथे सुंता होते.

हे फक्त रक्तातून येतं की राहणीतून, हे पाहायला त्यांनी अनुवंशाचाही अभ्यास केला. एल. डी. संघवी यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या आपापसातच लग्न करणाऱ्या सहा समाजांची रक्तगटासारखी सात अनुवंशिक लक्षणं तपासली, तो निबंध १९४९ चा आहे. त्या काळात कॉम्प्युटर नव्हता, एक्सेल नव्हतं. वह्या होत्या.

बायकांचे कॅन्सर पाहताना एक अडचण कायम राहायची, ती आजही आहे. गर्भाशयाबद्दल बाई बोलत नाही, घरचे विचारत नाहीत, आणि डॉक्टरसमोर सासू किंवा पुतण्या उभा असतो.

गूगल डूडलमधली बाई

मी खानोलकरांपर्यंत पोचलो ते एका गूगल डूडलमुळे. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलच्या पानावर मायक्रोस्कोपसमोर बसलेली एक बाई होती. त्या कमल रणदिवे, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि त्यांचे मार्गदर्शक होते खानोलकर.

रणदिवे पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. टिश्यू कल्चर म्हणजे पेशी शरीराबाहेर बशीत वाढवणं.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी वाढवल्या गेल्या होत्या. त्या पेशी तिची परवानगी न घेता वापरल्या गेल्या आणि आजही जगभरातल्या प्रयोगशाळांत त्या वाढत आहेत. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. वयाच्या ३१ व्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९५१ ला, ती गेली. तिच्या गाठीला आधी एक नाव दिलं गेलं होतं. जवळपास वीस वर्षांनी जुनी स्लाईड परत पाहिली तेव्हा कळलं की तो त्यातला विरळ, ग्रंथीतून उगवणारा प्रकार होता. जगातली सगळ्यात प्रसिद्ध गाठ, आणि तिचंही नाव आधी चुकलं होतं. चूक सापडली, कारण स्लाईड जपून ठेवली होती.

१९५२ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. तिथे कॅन्सरसोबत कुष्ठरोगावरही काम झालं. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या ऊतीतून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला, त्याला संस्थेचंच नाव मिळालं. पुढे हे केंद्र आणि टाटा हॉस्पिटल मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. खारघरच्या ॲक्ट्रेकमधल्या संशोधन इमारतीचं नाव आज खानोलकर शोधिका आहे.

काकूला विचारलेला प्रश्न

आता परत काकूकडे येतो. तिची तब्येत ढासळली तेव्हा आम्ही तिला नागपूरला नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फाईल चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मला रागच आला. सगळे रिपोर्ट माझ्या फोनमध्ये, आणि मलाच बाहेर?

आत त्यांनी काकूला एकच गोष्ट विचारली. शेवटचं बाळंतपण किंवा गर्भपात कधी झाला. काकूने सांगितलं, आठ महिन्यांपूर्वी गर्भ पडला होता, आणि एका खाजगी दवाखान्यात पिशवी साफ केली होती. घरात हे काका सोडून कोणालाच माहीत नव्हतं. खोकल्याशी त्याचा काही संबंध असेल असं तिला वाटलंच नव्हतं, आणि तोवर कोणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी लघवीची साधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली. दोन रेघा आल्या. सोनोग्राफीत मूल नव्हतं. रक्तातलं बीटा एचसीजी लाखाच्या वर होतं. आजाराचं नाव होतं कोरिओकार्सिनोमा, आणि फुप्फुसातले ते गोल डाग त्याचेच होते.

हा गर्भाशयातला विरळ कॅन्सर. गर्भारपणात बाळाला पोसणारी जी वार तयार होते, तिच्या पेशींमधून तो उगवतो. द्राक्षगर्भानंतर, गर्भपातानंतर, कधी चांगल्या बाळंतपणानंतरही. काही महिन्यांनी येतो, कधी काही वर्षांनीही. तो रक्तावाटे लवकर पसरतो आणि सगळ्यात आधी बहुधा फुप्फुसात जातो. म्हणून खोकला, धाप, थुंकीत रक्त. खालून रक्तस्राव होईलच असं नाही.

मग मला कळलं की पिशवी साफ करताना निघालेलं मांस तपासायला पाठवलंच नव्हतं. ते फेकून दिलं होतं. तेव्हा त्याची स्लाईड झाली असती, तर कदाचित तिथेच पहिली शंका आली असती. खानोलकरांच्या पिढीने जी सवय लावायचा प्रयत्न केला, शरीरातून काढलेलं काहीही न पाहता टाकायचं नाही, ती सवय आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

प्रेग्नन्सी टेस्ट कॅन्सर कशी ओळखते?

कोविडच्या वेळी घरी केलेली किट आठवते ना? प्रेग्नन्सीची पट्टी त्याच जातीची. कागदावर अँटिबॉडी बसवलेली असते, नमुना कागदातून सरकत जातो, हवा तो पदार्थ सापडला की रेघ उमटते. इथे तो पदार्थ एचसीजी. तो वारेच्या पेशी बनवतात. कोरिओकार्सिनोमाच्या पेशी मुळात त्याच जातीच्या, म्हणून त्याही एचसीजी बनवतात, खूप जास्त.

खानोलकरांच्या उमेदीच्या काळात हीच तपासणी करायला बाईची लघवी उंदराच्या मादीला टोचून तिची बीजकोशं पाहावी लागायची. आता ती पट्टी आमच्या वणीच्या मेडिकलमध्ये मिळते.

पण एक लक्षात ठेवा. दोन रेघा म्हणजे बहुतेक वेळा गर्भ, कॅन्सर नव्हे. आणि एचसीजी अतिप्रचंड असेल तर पट्टीवरची अँटिबॉडी भरून जाते आणि रेघ फिकट येते किंवा येतच नाही. म्हणून रक्तातला आकडा आणि सोनोग्राफी लागतेच.

अजून एक गंमत. बहुतेक कॅन्सरमध्ये तुकडा तपासल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत. या कॅन्सरमध्ये मात्र गाठीला सुई लावली तर जोरात रक्त वाहू शकतं, म्हणून आकडा, सोनोग्राफी, स्कॅन आणि पेशंटची हकीकत यावरच निदान करता येतं. मायक्रोस्कोपइतकीच हकीकत महत्त्वाची, हे खानोलकरांच्या त्या तीन कॅन्सरवरूनही दिसतंच.

आणि हा बरा होणारा कॅन्सर आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत ली आणि हर्ट्झ या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट देऊन फुप्फुसात पसरलेला कोरिओकार्सिनोमा बरा केला. गाठीचा पसरलेला कॅन्सर केवळ औषधाने बरा होऊ शकतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ते औषध ज्या कामातून निघालं, ते काम आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या तुकडीचं. ते स्वतः १९४८ मध्येच गेले होते. आज या आजाराच्या दहातल्या नऊहून जास्त बायका बऱ्या होतात, आणि बऱ्याच जणींची पिशवीही काढावी लागत नाही.

काकूला दर पंधरा दिवसांनी केमो लागली. मी फोनवर एक शीट बनवली, तारीख आणि एचसीजी. आलेख खाली खाली येत गेला. आकडा नॉर्मल झाला त्या दिवशी काकूने मला आलेखाचा स्क्रीनशॉट मागितला. आता ती बरी आहे, तपासणीला जाते, आणि वेचणीच्या दिवसांत शेतावर हटकून असते.

बाकीचे विरळ कॅन्सर का फसवतात?

गर्भाशयाचे आणखीही काही विरळ कॅन्सर आहेत, आणि तेही सरळ लक्षण दाखवत नाहीत.

लायोमायोसार्कोमा हा गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर. तो साध्या फायब्रॉईडच्या गाठीसारखा दिसतो. फायब्रॉईड अतिशय कॉमन, हा अतिशय विरळ. स्कॅनवर दोन्ही खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. गाठ काढून स्लाईडवर पेशींचं विभाजन मोजलं, मेलेला भाग आणि पेशींचा विद्रूपपणा पाहिला की मगच कळतं. म्हणून फायब्रॉईड म्हणून काढलेली गाठही तपासायला जायलाच हवी.

सिरस प्रकारचा कॅन्सर बहुधा पाळी गेलेल्या बायकांत येतो आणि कधी कधी पोट फुगणं, पोटात पाणी होणं हेच त्याचं पहिलं लक्षण असतं. लोक त्याला गॅस समजतात. पाळी गेल्यावर परत थोडासा जरी रक्तस्राव झाला तरी तपासणी हवी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण ते पाहून ठरवायचं असतं, गृहीत धरून नाही.

आज स्लाईडचं काय होतं?

आज स्लाईड स्कॅन करता येते. एका स्लाईडची फाईल काही जीबीची होऊ शकते, त्यात अब्जावधी पिक्सेल असतात. तुमच्या फोनमध्ये मॅप झूम करता तशी ती झूम करून दूरच्या शहरातला तज्ज्ञ पाहू शकतो. एआय त्यात संशयास्पद जागा दाखवायला मदत करतं, पण सही माणूसच करतो. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमधून देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं एकमेकांशी जोडली गेली आहेत. वणीसारख्या गावांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण जो तुकडा बादलीत गेला, तो कोणताही स्कॅनर वाचवू शकत नाही.

घरातल्या रिपोर्टवाल्यांनी काय करायचं?

- घरात कुणाचंही ऑपरेशन झालं, पिशवी साफ केली, गाठ काढली, तर विचारा: काढलेलं मांस हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवलं का? नंबर काय?
- रिपोर्टचा फोटो नुसता गॅलरीत ठेवू नका. स्कॅन ॲपने पीडीएफ करा आणि फाईलच्या नावात तारीख टाका.
- निदानाबद्दल शंका असेल तर स्लाईड आणि ब्लॉक मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.
- बाईच्या फाईलमध्ये एक पान तिच्या हाताने लिहिलेलं असू द्या: बाळंतपणं, गर्भपात, शेवटची पाळी, ऑपरेशनं, तारखांसह. ते पान तिने थेट डॉक्टरांना द्यावं. तुम्ही वाचलंच पाहिजे असं नाही.
- डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगितलं तर थांबा. नाही सांगितलं तरी स्वतःहून थोडा वेळ बाहेर जा.
- रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.
- सर्च किंवा एआयला फक्त एक लक्षण विचारलं तर ते कॉमन उत्तर देणार. मी खोकला टाकला, मला टीबी मिळाला. आठ महिन्यांपूर्वीचा गर्भपात मी टाकला नव्हता, कारण मला माहीतच नव्हता.

शेवटची वर्षं

१९६० ते १९६३ खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, अणुकिरणांचे परिणाम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवरही ते होते. पद्मभूषण मिळालं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. शंभरहून जास्त शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. भारतातल्या पॅथॉलॉजिस्ट आणि मायक्रोबायोलॉजिस्टच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कॅन्सर इथे होत नाही असं म्हणायची सोय त्यानंतर उरली नाही.

२९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले, वय ८३.

काकूच्या फाईलवर अनेक सह्या आहेत. पहिल्यांदाच मी त्या नीट वाचल्या. एकाही पॅथॉलॉजिस्टला मी भेटलेलो नाही. तुमच्या घरात एखादा जुना रिपोर्ट असेल तर आज उघडा, खालची सही पाहा, आणि तपासायला काय पाठवलं होतं ते वाचा. काहीच पाठवलं नसेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

लेख उपयोगी वाटला तर घरातल्या बायकांनाही वाचायला द्या.